दुसऱ्या डोक्याची जागा

१

माझी सकाळ सहसा बदलत नाही. सहाची प्रार्थना संपली की कोपऱ्यावरच्या दुकानात काचेच्या ग्लासातला दुधाचा चहा, त्याच्यासोबत भट्टीतून नुकतीच निघालेली चीज भरलेली खुसखुशीत पास्तित्सी. मग चर्चच्या मागचं लोखंडी दार उघडून एकोणतीस पायऱ्या खाली.

वर सान पंक्राझचं चर्च आहे ते अलीकडचं, चारशे वर्षांचं. खाली आहेत ती पहिल्या ख्रिस्ती लोकांची थडगी. सोळाशे वर्षांपूर्वी कोणीतरी खडकात शिरून गल्ल्या काढल्या, गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं निजवायला खोल्या कोरल्या, कमानी कोरल्या. आता आत हाडूकही नाही. सगळं मोकळं आणि स्वच्छ, कारण झाडतो मी.

मी विस्टीन. आमच्या बेटावरच्या रबात गावात आमच्या घराण्याला हातोडीवाले म्हणतात. चाळीस वर्षं खाणीत दगड कापला, शेवटची पंधरा मुकादम होतो. पाठ गेली तेव्हा आमचे पाद्री दुन सिल्वेस्त्रू (दुन म्हणजे फादर) म्हणाले, "घरी बसून दुमिंकाचं डोकं खाण्यापेक्षा खालची देखभाल करा." दुमिंका म्हणजे माझी बायको. ही कल्पना तिचीच होती हे मला नंतर कळलं.

खरं सांगतो, मी सुखात होतो. उन्हाळ्यात वर रस्ता तापून निघायचा आणि खाली मी गारव्यात झाडू मारत गाणं म्हणायचो. दहा वाजता लोक बघायला यायचे, एकला मी घरी.

त्या मार्चमध्ये एका सकाळी शेवटच्या गल्लीत, कमानीच्या थडग्याशी, जमिनीवर पांढरा भुगा दिसला. मूठभर असेल. झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा.

२

दुन सिल्वेस्त्रूंना खाली आणलं. ते तरुण, चष्मेवाले, शिकलेले. त्यांनी भुगा बोटावर घेऊन हुंगला.

"ओल आहे विस्टीन. दगडातलं मीठ वर येतं आणि दगड झडतो."

"झडलेला दगड पिठासारखा असतो, दुन. हा रवाळ आहे. हा कापलेला आहे."

"कोण कापणार? किल्ली तुमच्याकडे."

"तेच तर म्हणतोय मी!"

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हाताऱ्याला थोपटतात तसं. मला राग आला, पण पाद्री माणूस.

ते गेल्यावर मी दिवा घेऊन थडग्यात वाकलो. आमच्याकडच्या या जुन्या थडग्यांत मेलेल्या माणसासाठी दगडाचीच उशी सोडलेली असते, आणि त्या उशीत डोकं नीट बसावं म्हणून अर्धगोल खळगा. नवरा-बायको असतील तर दोन खळगे. लेकरू असेल तर मधे लहानसा तिसरा. खळगे मोजले की थडग्यात किती जण होते ते कळतं.

या थडग्यातली उशी चांगली दीड वीत उंच, पण खळगा एकच, डाव्या बाजूला. इतकी वर्षं मी रोज पुसतोय, मला काय माहीत नाही? उजवीकडचा दगड सपाट, जुना, तपकिरी.

त्या सपाट दगडावर आता टाकीचे ओरखडे होते. आमचा दगड आतून फिका पिवळा, ताज्या लोण्यासारखा. हवेत राहिला की वर्षानुवर्षांनी काळवंडतो. ओरखडे लोण्याच्या रंगाचे होते.

घाबरायला हवं होतं. पण मी हातोडीवाला. माझी नजर आधी कामावर गेली, आणि काम इतकं भिकार होतं की माझं डोकंच फिरलं.

"कोण रे हा गाढव?" मी मोठ्याने म्हणालो. "टाकी अशी उभी धरतात? दगड फुटेल ना! आडवी धर, तिरपी! कोणी शिकवलं तुला?"

गल्लीत माझाच आवाज घुमला. मी स्वतःशीच हसलो आणि वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाव तिरपे होते. सगळे. एकही उभा नव्हता.

३

माणूस वेडा झाला की त्याला स्वतःला कळत नाही म्हणतात. म्हणून मी आधी स्वतःलाच तपासलं. झोपेत उठून चालत तर नाही ना? नखं बघितली, बूट बघितले. दुमिंकाला विचारलं, मी झोपेत उठतो का?

"तू? तू उठायचं नाव घेत नाहीस. घोरण्याने सगळी गल्ली मात्र उठते."

मग लोखंडी दाराला काळा दोरा बांधला. सकाळी दोरा तसाच. खाली ढिगारा मात्र नवा. पायरीवर पीठ भुरभुरवलं. पिठावर एका उंदराची पावलं उमटली, बाकी काही नाही. आतल्या सगळ्या गल्ल्या मी हाताने चाचपडून पाहिल्या. खडक आहे, पलीकडे वाट नाही.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने किल्ल्या परत दिल्या असत्या. मी दिल्या नाहीत. का? लाज वाटते सांगायला. मला मजा येत होती. पाठ गेल्यापासून माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. आणि हा जो कोणी होता तो माझं ऐकत होता! मी म्हणालो कड आधी काढ, तर दुसऱ्या दिवशी कड निघालेली. मी म्हणालो भुगा तिथल्या तिथे झाड, घाव दिसू दे, तर भुगा कोपऱ्यात गोळा केलेला. खाणीतली पोरं कधी इतकं ऐकायची नाहीत.

मी त्याला शाबासकी मात्र दिली नाही. मी कोणालाच देत नाही. यावरून दुमिंका माझ्याशी लग्नापासून भांडतेय. तिचा स्वभाव उलटा. पाववाल्याचा पाव करपला तरी "आज काय खरपूस झालाय!" म्हणणारी बाई. मी आयुष्यात केलेल्या एकुलत्या एका कोंबडीच्या रश्शाचंही तिने कौतुक केलं होतं, आणि तो रस्सा आमच्या मांजरानेही सोडला होता.

तिची तब्येत त्या दिवसांत ठीक नव्हती. हृदयाची झडप. डॉक्टरांनी मे महिन्यात शस्त्रक्रिया ठरवली होती. घरी आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. ती अंगणातल्या केपरच्या झुडपाला (त्याच्या कळ्या आम्ही मिठात मुरवून खातो) पाणी घालायची, दोन पायऱ्या चढली की थांबून "किती छान वारा आहे" म्हणायची. वारा नसायचा. तिला दम लागलेला असायचा.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस मी खाली खळग्यात बोट फिरवून बघत होतो. गोलाई जमत नव्हती. कधी रुंद, कधी अरुंद, नुसतं चाचपडणं चाललेलं.

"अरे शहाण्या," मी म्हणालो, "उशी कोणासाठी करतोयस ते तरी ठरलंय का? माप घेतलंस का? माप न घेता दगडाला हात लावायचा नाही. जा, आधी माप घे!"

आणि मी झाडू उचलून, गाणं म्हणत, एक वाजता घरी गेलो.

४

दुमिंका मागच्या खोलीत आडवी होती. नुकतीच जागी होत होती, गालावर उशीची घडी उमटलेली. माझ्याकडे बघून हसली.

"हे काय नवीन खूळ?"

"कसलं खूळ?"

"माझं डोकं मोजत होतास ना वितीने? कानापासून कानापर्यंत, मग कपाळापासून मागे. मी डोळे मिटूनच पडले होते. म्हटलं बघू तरी काय करतोय. टोपी आणणार आहेस का मला?"

मी दारातच उभा होतो. माझी टोपी अजून डोक्यावर होती, किल्ल्या हातात.

"हात मात्र किती गार रे तुझे," ती म्हणाली. "खाली बसून बसून रक्त गोठलंय तुझं. चहा घे गरम."

मी जवळ गेलो. तिचे केस पांढरेच आहेत, म्हणून आधी दिसलं नाही. उशीवर दिसलं. रवाळ, फिका पिवळा भुगा. तिच्या कानामागेही होता. मी रुमालाने पुसला.

"काय आहे?"

"काही नाही. माझ्याच कपड्यांवरचा असणार."

"आंघोळ करत जा जरा," ती म्हणाली आणि उठून चहा ठेवायला गेली.

मी पलंगाच्या कडेला बसलो. माप घे म्हणून मीच सांगितलं होतं. माझ्या तोंडाने, माझ्या मुकादमी तोऱ्यात!

५

पुढचे आठ-दहा दिवस मी खाली गेलो की एक शब्द बोलायचो नाही. झाडायचो आणि वर यायचो. काही उपयोग झाला नाही. त्याला आता माझी गरज नव्हती, माप मिळालं होतं. खळगा रोज थोडा थोडा खोल होत गेला, आणि गोलाई अशी की बघत राहावं.

माझी बायको तेव्हा बेचाळीस वर्षं माझ्या डाव्या हातावर डोकं ठेवून झोपत आली होती. कोपराच्या आतल्या बाजूला तिचं डोकं कुठे टेकतं, किती दाबतं, ते माझ्या हाताला पाठ आहे. एक दिवस मी अस्तनी सारून तो हात खळग्यात ठेवला. दुसऱ्या कुणाला सांगून पटणार नाही, पण हाताला ओळख पटली. मी हात झटकन बाहेर काढला.

किल्ल्या द्याव्यात म्हणून दुन सिल्वेस्त्रूंकडे गेलो. ते म्हणाले, "दुमिंकाबाईंच्या काळजीने तुम्हाला असं होतंय विस्टीन. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतोय." तेही खोटं नव्हतं. काळजी होतीच. मी किल्ल्या खिशात घालून परत आलो. मी गेलो असतो तरी काम थांबणार होतं थोडंच? निदान डोळ्यांसमोर तरी असू दे.

शस्त्रक्रिया गुरुवारी. बुधवारी मला पहाटे झोपच येईना, म्हणून प्रार्थनेआधीच, उजाडता उजाडता दार उघडलं. पाचव्या पायरीवर असताना आवाज आला. टक, टक, टक. सुटे, हलके घाव. कामाची शेवटची सफाई करताना मारतात ते.

मी बटण दाबलं. गल्लीतले दिवे एकामागून एक लागत गेले. आवाज थांबला नाही.

मी कोपऱ्यापर्यंत गेलो. कमानीखालून दोन तळपाय बाहेर आलेले होते. गुडघ्यांवर बसून, आत वाकून काम करणाऱ्याचे. भुग्याने पांढरे झालेले, आणि जोर लावताना आम्ही सगळेच पायाची बोटं आत वळवतो, तशी वळवलेली. त्यापलीकडे मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, आणि आवश्यकताही नव्हती.

मला रडू आलं. मग खाणीत मुकादम झालो त्या दिवशी शिकलेली एकच गोष्ट आठवली. काम पूर्ण झालं की नाही हे कारागीर ठरवत नाही, पसंत करणारा ठरवतो.

"थांब!" मी ओरडलो. "याला काम म्हणतात? डावी कड बघ! डाव्या कडेला पोट आलंय. गाढवसुद्धा डोकं ठेवणार नाही यात. सगळी उशी एक बोट खाली तासून घे आणि पुन्हा कर. पहिल्यापासून!"

कडेला पोटबीट काही नव्हतं. त्याहून सरळ कड मी स्वतः कधी काढली नसेल.

टक टक थांबली. मी भिंतीला धरून उभा. पायाची बोटं हळूहळू सैल झाली. मग पुन्हा घाव सुरू झाला. आता जड, सावकाश. खळग्याच्या भोवतीचा दगड तासून सपाट करायचा घाव.

मी पायऱ्या चढून वर आलो आणि थेट प्रार्थनेला जाऊन बसलो. पहिल्या रांगेत. मुलगी परदेशी निघाली तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो.

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर. म्हणाले, "तुमची बायको मोठी चिवट आहे." माझा जीव भांड्यात पडला.

६

त्याला आता अकरा वर्षं होतील.

सुखाची वर्षं म्हणेन मी. दुमिंका पुन्हा पायऱ्या चढायला लागली. मुलगी मेलबर्नहून दोनदा येऊन गेली, नातीला घेऊन. रविवारी आम्ही ससा शिजवतो, म्हणजे दुमिंका शिजवते आणि मी लसूण सोलतो. उन्हाळ्यात गावजत्रेचे फटाके बघायला गच्चीवर खुर्च्या टाकतो. शेजारी चिडवतात, "या वयात हात धरून बसता!" मी म्हणतो, बसणार, काय करायचं ते करा.

आणि रोज सकाळी खाली जाऊन मी खोड काढतो.

एक खळगा पूर्ण व्हायला आठ-नऊ महिने लागतात. आता त्याला पहिल्यासारखी घाई नसते. पूर्ण होत आला की मी बघतो, मान हलवतो, म्हणतो, कड जाड झाली, तळ खरबरीत आहे, उजेड तिरपा पाडून बघ, लाट दिसते. तास, पुन्हा कर. तो तासतो. तळपाय मी नंतर कधी पाहिले नाहीत, कारण पहिल्या पायरीवरच मी मुद्दाम खोकतो. त्यालाही ते बरं वाटत असावं.

उशी आता चार बोटंच उरली आहे. दगड संपला की काय, हा विचार मी सुरुवातीला करायचो. पण हिशेब केला तर अजून तीनेक वर्षं निघतात, आणि आमच्या वयाला तीन वर्षं म्हणजे चिक्कार. कधी कधी मला त्याचं वाईटही वाटतं. इतकं सुंदर काम माझ्या हाताखालच्या एकानेही केलं नसेल, आणि मी त्याला रोज शिव्या घालतो. पण काय करू? दुमिंकाला खाली मात्र मी कधी येऊ दिलं नाही. पायऱ्या निसरड्या आहेत, गारठा बाधेल, तुझं हृदय. ती म्हणायची, "तुझं तिथे कुणी लफडं आहे की काय?" आणि हसायची.

७

परवा मंगळवार. सकाळीच नळ फुटला, त्या गडबडीत मी डबा घरी विसरलो. खाली नवा खळगा तयार झाला होता. दोन दिवसांपूर्वीच बघितला होता मी, आणि आज ना उद्या खोड काढायची म्हणून ठेवलं होतं. खरं म्हणजे खोड सापडत नव्हती. तासभर दिवा तिरपा धरून बघितलं. माझ्यासारख्याला एक खोटी खोडसुद्धा सुचू नये असं काम होतं ते.

मी पुढच्या गल्लीत पाहुण्यांनी टाकलेले कागद उचलत होतो. मागून पावलं वाजली नाहीत, तिच्या चपलांना रबर आहे. बोलणं तेवढं ऐकू आलं.

"अगं बाई! हे कोणी केलं?"

माझ्या हातातले कागद पडले. मी धावलो. माझ्या पाठीला सोसेल तेवढा धावलो.

दुमिंका कमानीशी वाकून उभी होती. एका हातात फडक्यात बांधलेला डबा, दुसरा हात खळग्यात. तळहाताने ती गोलाई चाचपत होती.

"दुमिंका, वर चल."

"चल काय! डबा विसरलास आणि वर मलाच दटावतोस? दुन सिल्वेस्त्रूंनी वरचं दार धरलं मला, आले सावकाश. हे बघ ना विस्टीन. किती सुंदर! आणि इतका मऊ लागतोय दगड. तू केलंस?"

"नाही. आणि ते वाकडं आहे." माझा आवाज गल्लीभर घुमला. "डावी कड वाकडी आहे! ऐकतोस ना? वाकडी आहे! पुन्हा करावं लागणार!"

"कोणाशी बोलतोयस? आणि वाकडी कुठे आहे?" तिने चष्मा वर सारला, कडेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "काहीतरीच! अगदी सरळ आहे. तुला ना, कोणाचं चांगलं म्हणायला जिवावर येतं. ज्याने केलंय त्याच्या हाताला देवाने गुण दिलाय. मी सांगते, याहून चांगलं होणारच नाही."

मी तिचा हात धरला. जिच्यासाठी काम होतं तिनेच ते बघितलं होतं, आणि पसंत केलं होतं.

कमानीच्या आत, अंधाराच्या बाजूला, दगडावर लोखंड ठेवल्याचा आवाज झाला. टाकलेलं नाही. ठेवलेलं. दिवसाचं काम आटोपल्यावर हत्यार ठेवतात तसं, सावकाश. मग हातोडीही ठेवली गेली.

दुमिंकानेही ऐकलं. तिने त्या बाजूला वळून बघितलं, पाहुण्याकडे बघावं तसं हसऱ्या तोंडाने, आणि कमानीच्या ओट्यावर फडकं सोडलं. आत टोमॅटो चोळलेला पाव होता, वर ऑलिव्हचं तेल, तिच्या झुडपाचे केपर, चांगले जाड चार तुकडे.

"आहे होय तो आत?" ती म्हणाली. "मग बोलाव की त्याला. किती दिवस राबलाय बिचारा, आणि तू त्याला पाणीसुद्धा विचारलं नसशील."